घोडनदीचे नवे शिलेदार

रांजणगावच्या एमआयडीसीत मोटारी बनवायला जे परदेशी साहेब आले, त्यांच्यापैकी स्वतःच्या नावावर मोटार घेतलेला एकही मला भेटला नाही. फियाटच्या कारखान्यातून लिनिया निघाली, पुंटो निघाली, त्याच आवारात टाटांच्या गाड्या जुळल्या, 2017 पासून जीप कंपास बाहेर पडू लागली. या सगळ्या काळात माझ्या गाड्या या पट्ट्यातल्या कंपन्यांना लावलेल्या होत्या. इटालियन, कोरियन, जर्मन, एखाददुसरा जपानी, सगळे मागच्या सीटवर बसून पुण्याहून यायचे आणि मागच्या सीटवर बसूनच परत जायचे. ज्या कारेगाव-ढोकसांगवीच्या शेतकऱ्याची जमीन कारखान्याखाली गेली, त्याच्या दारात मात्र दोन-दोन गाड्या. आणि त्या गाड्यांच्या मागच्या सीटवर तो बसला तर लग्नकार्यापुरता.

लोक याला एमआयडीसीची करणी म्हणतात. मला ते पटत नाही. नगर रस्त्यावर बाहेरून आलेला माणूस आणि त्याचं वाहन यांचा व्यवहार दोनशे वर्षांपूर्वी घोडनदीच्या छावणीत ठरला. आम्ही तो फक्त पुढे चालवला.

घोडनदी म्हणजे आमचं शिरूर. एसटीच्या पाटीवर अजून कंसात लिहितात, नाहीतर बीडकडच्या शिरूर कासारचा माणूस इथे उतरून बसायचा. 1802 च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला आणि इंग्रजांची तैनाती फौज पेशव्यांच्या खर्चाने या मुलखात आली. तिचं ठाणं पुण्यापासून 67 किलोमीटरवर, घोड नदीच्या काठी पडलं. पुण्याच्या डोक्यावर बसता येईल इतकं जवळ, आणि पुण्यातल्या लोकांच्या डोळ्यांत खुपणार नाही इतकं लांब. याच सुमारास आर्थर वेलस्ली, जो पुढे वॉटर्लूला नेपोलियनविरुद्ध जिंकला, 1803 च्या पावसाळ्यात पुण्याकडून नगरच्या किल्ल्यावर गेला. त्याच्या पत्रव्यवहारात तोफांइतकीच बैलांची काळजी आहे. म्हैसूरकडचे बैल किती, वंजाऱ्यांचे तांडे कुठवर आले, धान्य कोण वाहणार. सातासमुद्रापलीकडून आलेल्या माणसाला या देशात आधी कळलं ते हे, की इथे वाहन एकटं मिळत नाही. बैलाबरोबर बैलवाला येतो, आणि बैलवाल्याचं मन राखावं लागतं.

छावणीतल्या साध्या अंमलदाराचंही तेच. घोडा घेतला की मोतद्दार ठेवायचा, आणि घोड्यासाठी गवत कापून आणणारा वेगळा. तीन जीव एका सवारीसाठी. कॅप्टन सीली नावाचा एक अंमलदार 1810 साली मुंबईहून पुणे, नगर करत वेरूळची लेणी पाहायला गेला आणि 1824 साली त्यावर त्याचं जाडजूड पुस्तक निघालं. मोहिमेवर नाही, दरबारी कामावर नाही, निव्वळ बघायला म्हणून निघालेला हा माणूस. आमच्या धंद्याच्या दृष्टीने तो पहिला टुरिस्ट म्हणायला हरकत नाही. असा साहेब निघाला की तंबू, हमाल, घोडी, सामानाचे बैल असा लवाजमा त्याच्याबरोबर निघायचा. मुक्काम कुठे पडायचा हे त्याच्या मर्जीवर कमी, आणि बैल कुठे पाणी पितात यावर जास्त अवलंबून असायचं.

पण खरी गोष्ट घोडदळाची आहे. जून 1817 च्या पुणे करारात पेशव्यांच्या पैशातून एक घोडदळ उभारायचं ठरलं. त्याच्या तुकडीने 1 जानेवारी 1818 ला कोरेगावच्या लढाईत भाग घेतला. कॅप्टन स्टॉन्टनची माणसं आदल्या रात्री शिरूरहूनच निघाली होती. पुढे हेच दळ पूना हॉर्स म्हणून नावाजलं आणि बराच काळ शिरूरला राहिलं. त्याची रचना शिलेदारी होती. ही पद्धत मराठ्यांची, इंग्रजांनी ती जशीच्या तशी उचलली. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला येणारा. सरकार त्याला ठरलेला पगार देणार. घोड्याचा दाणा-वैरण, खोगीर, नाल सगळं त्याने त्यात भागवायचं. घोडा मेला तर दुसरा आणायचा, नाहीतर नोकरी गेली. ऐपतदार शिलेदार चार-पाच घोडे आणायचा आणि त्यावर दुसऱ्यांची पोरं बसवायचा. ते बारगीर. बारगिराला पगार, शिलेदाराला घोड्यामागे उत्पन्न. पलटणीत घोडा ठेवायचा हा हक्क म्हणजे असामी. ती विकत घेता यायची, विकता यायची.

सरकारला हे फार सोयीचं होतं. घोड्यात भांडवल अडकत नाही, पागा सांभाळायची नाही, घोडा आजारी पडला तर डोकेदुखी दुसऱ्याची. पहिल्या महायुद्धानंतर ही पद्धत इंग्रजांनी बंद केली, कारण एवढ्या मोठ्या लढाईत मेलेले घोडे शिलेदाराने कुठून भरून आणायचे? मोडली ती पलटणीतून. नगर रस्त्यावरून ती गेली नाही, हे पुढे सांगतो.

छावणीचा एक अवशेष शिरूरला अजून आहे. कर्नल विल्यम वॉलेस, असईच्या लढाईत वेलस्लीबरोबर लढलेला, 1809 साली इथे वारला. त्याच्या थडग्याला गावातले लोक सत्पुरुषाचं ठाणं मानू लागले. सुगीचं पहिलं धान्य तिथे नैवेद्य म्हणून नेत, असं जुन्या पुणे गॅझेटियरमध्येच नोंदवलंय. माझ्या गाड्यांतून आलेल्या परदेशी पाहुण्यांना मी हे सांगितलं की ते आधी हसायचे आणि मग गप्प व्हायचे. एका जर्मन साहेबाने विचारलं, नक्की काय केलं होतं या कर्नलने? मी म्हटलं, इथे मेला. कामासाठी आलेले बाकीचे परत गेले.

इंग्रजांचा मुक्काम पुढे रस्त्यावरून रुळावर गेला. 1858 मध्ये रेल्वे पुण्याला आली आणि पुढे सोलापूरच्या दिशेने सरकत दौंडला पोचली. 1878 मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला. नगरला जायला आता घोडनदीवरून खडखडत जायची गरज उरली नाही. शिरूर मागे पडलं आणि दौंड मोठं झालं. इंग्रज त्याला धोंड म्हणत, तसंच लिहीत. आमच्या शिरूरकरांना हे अजून झोंबतं. दौंडच्या पोरीशी लग्न केल्यामुळे मला त्यावर बोलायची सोय नाही.

रेल्वेमुळे दौंड तालुक्यात परदेशी माणूस येऊन राहायला लागला. दौंडच्या अलीकडे केडगाव. तिथे पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन उभारलं. 1897 च्या दुष्काळातल्या शेकडो निराधार मुली-बायका त्यांनी तिथे आणल्या. मिनी अब्रॅम्ससारख्या अमेरिकन बाया तिथे येऊन राहिल्या, काम करत राहिल्या. 1905 नंतर काही वर्षं तर मुक्तीतलं धार्मिक जागरण पाहायला जगभरातून लोक केडगावच्या छोट्या स्टेशनवर उतरत होते. आगगाडीने यायचं आणि पुढे बैलगाडी. शिरूरलाही अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं होतं. या लोकांची चाल साहेबी नव्हती. पायी जात, छकड्यात बसत. पण छकडा हाकणारा इथलाच, आणि कुठल्या वाडीत जायचं, कुठल्या नाही, हे त्यालाच ठाऊक.

मोटारीचा काळ आमच्याकडे सावकाश आला. पुणे-नगर रस्त्यालाच 1 जून 1948 रोजी राज्याची पहिली एसटी धावली. हा मान आमच्या रस्त्याचा, आणि शिरूर तिच्या वाटेत. त्यानंतर खासगी बसवाले हळूहळू आवरते झाले आणि तीस वर्षं इथल्या माणसाचं वाहन म्हणजे लाल डबा. गाडी घेणं पैशापेक्षा नंबर लावण्याचं काम होतं. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात फियाट बांधायला घेतली, जिची पुढे पद्मिनी झाली. त्याच वालचंदांचं वालचंदनगर दौंडच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात. पण आमच्या बाजूला फियाट असायची डॉक्टरकडे, साखर कारखान्याच्या चेअरमनकडे आणि एखाद्या मारवाडी पेढीवाल्याकडे. गाडी भाड्याने देणं हा प्रकार आडून चालायचा. लग्नाला डॉक्टरांची फियाट मागायची, पेट्रोलचे पैसे वेगळे आणि 'ड्रायव्हरला चहापाण्याला' म्हणून पाकिटात घालायचे.

मग 1979 साली 'अष्टविनायक' सिनेमा आला. त्याआधी आठही गणपती एका दमात करणारे लोक थोडे होते. सिनेमानंतर मुंबई-पुण्याच्या माणसाला दोन दिवसांत आठ दर्शनं हवी झाली. आठांपैकी रांजणगावचा महागणपती शिरूर तालुक्यात, थेट रस्त्यावर. सिद्धटेकला जायचं ते दौंडवरून, शिरापूरला. तिथे गाडी अलीकडे उभी करायची आणि भीमा नावेतून ओलांडायची. मॅटाडोर, अ‍ॅम्बॅसिडर, नंतर ट्रॅक्स, असा आमच्याकडचा टुरिस्ट धंदा गणपतीच्या जिवावर उभा राहिला. मी पहिली ट्रॅक्स जुनी घेतली, पिवळी पाटी लावून. तिचं पासिंग, टी परमिट, बॅच-बिल्ला यात माझा एक हंगाम गेला. सिद्धटेकला आता पूल आहे, गाडी थेट देवळापाशी जाते. पुढे मी साहेब लोकांना तिथे नेलं तेव्हा ते सगळे विचारायचे, नाव कुठे गेली? सोय झाली की इथल्या माणसाला आनंद होतो. पाहुण्याला मात्र गैरसोयच बघायची असते.

नव्वदच्या दशकात रांजणगावला एमआयडीसी आली आणि जमिनीचे पैसे आले. कुणी वाडा बांधला, कुणी पोरीची लग्नं उडवून दिली, शहाण्यांनी विहिरीजवळची चार एकर राखली. पण तरुण पोरांच्या तोंडी एकच वाक्य : गाडी घेतो, कंपनीला लावतो. टाटा सुमो 1994 साली आली होती, पुढे 1998 च्या अखेरीस इंडिका आली, 2000 साली क्वालिस. ज्याला कंपनीत नोकरी मिळाली नाही, त्याने कंपनीला गाडी लावली. काहींनी कामगारांच्या बस लावल्या. व्यवहार असा : महिन्याचं ठरलेलं भाडं, इतके किलोमीटर त्यात, वरचे वेगळे, रात्रीचा मुक्काम वेगळा. किलोमीटर गॅरेज टू गॅरेज मोजायचे की पिकअपपासून, यावर अर्धी भांडणं. डिझेल वाढलं तर आपल्या खिशातून. गाडी बंद पडली तर दोन तासांत दुसरी उभी करायची, नाहीतर दिवसाचं बिल कापलं. साहेबाची ट्रिपशीटवर सही नसेल तर तो दिवस झालाच नाही.

आता हे शिलेदाराच्या अटींशेजारी ठेवा. स्वतःचं जनावर, स्वतःची वैरण, मेलं तर दुसरं. ज्याच्या सहा गाड्या, त्याची त्यांवर सहा पोरं पगारी, म्हणजे बारगीर. कंपनीतला गाडीचा नंबर सोडताना मागून पैसे घेऊन तो दुसऱ्याला देणं हे तर असामी विकण्याचंच काम, नाव तेवढं कुठे लिहिलेलं नसतं. मी स्वतः आधी बारगीर होतो, मग शिलेदार झालो. एका कंत्राटदाराने चार महिन्यांचं बिल थकवलं तेव्हा कळलं की शिलेदाराचा घोडा बँकेच्या हप्त्यावर असतो. पूना हॉर्सच्या शिलेदारावर निदान हप्ता नव्हता असं मी एकदा बोललो, तर कॉलेजमधले इतिहासाचे सर म्हणाले, सावकार तेव्हाही होताच.

परदेशी साहेबाला गाडी न घेण्याची कारणं विचारली की आधी कागदावरची मिळायची. दोन-तीन वर्षांसाठी आलोय. रस्ता कर एकदम पुढच्या पंधरा वर्षांचा भरायचा, आणि जाताना गाडी कुणाला विकत बसू? इंटरनॅशनल परमिटवर वर्षभर चालवता येतं, पण कंपनीच्या करारातच कलम की चालवायची नाही. अपघात झाला, पाठीमागे गाव जमलं, तर जबाबदारी कुणाची? इटालियन, जर्मन, कोरियन यांना आपल्या डाव्या बाजूच्या रहदारीचं भय. जपान्याला ते नाही, त्याच्याकडेही स्टिअरिंग उजवीकडेच. तरी तोही चालवायचा नाही. एका जपानी साहेबाने शिक्रापूरचा चाकण चौक संध्याकाळी सहा वाजता बघितला आणि परमिटचा विषय पुन्हा काढला नाही. पुण्यात कल्याणीनगर नाहीतर खराडीत राहायचं, वाघोली-लोणीकंद-सणसवाडी करत दोन तास यायचं, दोन तास जायचं. रोजचे चार तास गाडीत. त्यांची खरी इथली खोली म्हणजे माझी इनोव्हा. एकाने मागच्या खिशात चपला ठेवल्या होत्या, एकाने लोणच्याची बाटली. किमची म्हणतात त्याला. ड्रायव्हर पोरं पहिले आठ दिवस काचा उघड्या ठेवून चालवत होती.

कागदाखालची कारणं हळूहळू कळली. एक इटालियन, पन्नाशीचा, क्वालिटी खात्यातला. त्याच्या गावी त्याची जुनी पांडा होती, ती तो दर रविवारी स्वतः धुवायचा, हे त्याने मला बऱ्याच वेळा सांगितलं. त्याचं म्हणणं, आमच्याकडे अठराव्या वर्षी लायसन्स मिळतं आणि गाडी म्हणजे आई-बापाच्या नजरेतून सुटायचं साधन. इथे गाडीत बसलो की मी एकटा कधी नसतोच. पहिल्या महिन्यात तो पुढे ड्रायव्हरशेजारी बसायचा. कंपनीच्या अ‍ॅडमिनने ड्रायव्हरलाच झापलं, साहेबाला पुढे का बसवतोस? मग तो मागे गेला, पण ढाब्यावर ड्रायव्हर वेगळ्या टेबलावर बसतो हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही. ड्रायव्हरला तेच बरं वाटायचं, हे त्याला कोण सांगणार! साहेबासमोर भाकरी कुस्करून कशी खायची?

कोरियन साहेबांचं वेगळं. त्यांच्याकडेही वरच्या हुद्द्याला गाडी आणि ड्रायव्हर असतो. ते मागच्या सीटवर जन्मल्यासारखे बसायचे, वेळेचे पक्के, सही चोख. मला धंद्याला तेच आवडायचे. गप्पांना इटालियन.

त्या क्वालिटीवाल्याला एका दसऱ्याच्या सुमारास मी रांजणगावच्या देवळात घेऊन गेलो. कारखान्यातून अगदी जवळ, पण कामाच्या दिवसांत त्याला कुणी तिकडे नेलं नव्हतं. गाभारा माधवराव पेशव्यांच्या काळचा, वगैरे मी सांगत होतो. त्याचं लक्ष बाहेर उभ्या नव्या गाड्यांकडे. एक कंपास पूजेला आलेली, त्याच्याच लाईनवरून निघालेली. बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, झेंडूची माळ, चारी चाकांखाली लिंबं. गुरुजींचं चाललेलं, मालकाची बायको नारळ घेऊन उभी. हा पुढे वाकला आणि बॉनेट व फेंडरमधल्या फटीवरून नख फिरवू लागला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, अगदी संथ. सवयच ती. मालकाला वाटलं परदेशी माणूस भक्तिभावाने गाडीला हात लावतोय. त्याने कुंकवाचं तबक पुढे केलं. इटालियनने एक बोट बुडवलं आणि जिथे फट त्याला किंचित रुंद वाटली, बरोबर तिथे टिळा लावला. गाडी पुढे सरकली, लिंबं फुटली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. परत येताना तो म्हणाला, आमच्याकडे गाडी विकली की तिचं काम संपतं.

पर्यटनाचं म्हणाल तर या लोकांनी काय बघितलं हे त्यांनी ठरवलंच नाही. ताजमहाल, गोवा, केरळ हे कंपनीच्या ट्रॅव्हलवाल्याने विमानाने करून आणलं. रविवारचा दिवस मात्र ड्रायव्हरच्या हातात. साहेब म्हणायचा, कुठेतरी जाऊ या. मग पाबळचा ड्रायव्हर मस्तानीच्या कबरीवर न्यायचा. चिंचोलीकडचा असेल तर मोर दाखवायला मोराच्या चिंचोलीला, आणि जेवण मावशीच्या घरी पिठलं-भाकरी. वढू बुद्रुकचा असेल तर संभाजी महाराजांची समाधी, आणि तिथे चपला काढून गंभीर उभं राहायचं असतं हे आधीच बजावून. टाकळी हाजीचा एक पोरगा सगळ्यांना निघोजच्या रांजणखळग्यांवर न्यायचा. कुकडीच्या पात्रात काळ्या खडकाला पडलेले खोल रांजण, पाण्याने गरगर फिरवलेल्या गोट्यांनी शतकानुशतकं कोरलेले; अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे नगर. तिथे गेलेला प्रत्येक इंजिनिअर वाकून एखाद्या रांजणाच्या आतल्या भिंतीवरून हात फिरवायचा. थोडक्यात, साहेबाचा महाराष्ट्र ड्रायव्हरच्या सोयऱ्यांच्या गावांपर्यंत पसरलेला होता. चार गाड्यांतून फिरलेले चार साहेब शुक्रवारच्या पार्टीत भेटले की प्रत्येकाचा शिरूर तालुका निराळा. गाडी स्वतःची असती तर हातात मोबाइलचा नकाशा घेऊन तेच चार लोक लोणावळ्याच्या रांगेत उभे राहिले असते.

सगळे परदेशी कारखान्याचेच नव्हते. नगर-दौंड रस्त्यावर अरणगावला मेहेराबाद आहे, मेहेरबाबांचं ठिकाण. बाबा 1969 साली गेले, पण त्यांचे पाश्चात्त्य भक्त दरसाल येतात, काही तिथेच राहिले. पुण्याच्या विमानतळावरून मेहेराबाद हे टॅक्सीवाल्यांचं जुनं, भरवशाचं भाडं. हे लोक घासाघीस करत नाहीत आणि आधीचाच ड्रायव्हर मागतात. एक अमेरिकन बाई दर वर्षी माझ्याच गाडीने जायच्या. आपल्या देशात त्या पाव आणायलासुद्धा गाडी काढतात आणि इथे येऊन सायकल चालवतात, त्याचं त्यांना फार सुख. आमच्या ड्रायव्हरला ते कळेना. त्याने नुकतीच सायकल विकून मोटारसायकल घेतली होती.

आणि दौंडचे. त्यांना परदेशी म्हणावं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. इंग्रजी अमदानीपासून दौंडच्या रेल्वे कॉलनीत अँग्लो-इंडियन कुटुंबं होती. इंजिन ड्रायव्हर, गार्ड, स्टेशन मास्तर. इन्स्टिट्यूट, चर्च, हॉकी, नाताळचा नाच. माझे सासरे रेल्वेतले, त्यांच्या बोलण्यात ही मंडळी सतत. त्यांचं सांगणं, मेल चालवणाऱ्या गोऱ्या ड्रायव्हरकडेसुद्धा सायकलच असायची. मोटार कशाला? पास होता. सुट्टी लागली की ट्रंका, गादीची वळकटी, कोंबडी घेऊन पूर्ण कुटुंब पासावर कुठल्या कुठे. स्वातंत्र्यानंतर बरेच इंग्लंडला गेले, नंतरचे ऑस्ट्रेलियाला, बहुतेक पर्थ आणि मेलबर्न. पन्नास वर्षांनी त्यांची म्हातारी माणसं गाव बघायला परत येतात. हे आमच्या दौंडचं पर्यटन. कुठल्या पुस्तिकेत नाही, पण गाडी पक्की बुक होते.

असे एक गृहस्थ पत्नीसह आले होते, पर्थहून. पुण्याच्या हॉटेलातून त्यांना घेतलं. गाडी मीच चालवत होतो, ड्रायव्हर पोरगा यात्रेला गेलेला. चौफुला ओलांडल्यावर ते हिंदी सोडून मराठीत आले. दौंडची जुनी, रेल्वेतली मराठी, मधे 'अरे बाबा'. त्यांना क्वार्टर बघायचं होतं, चर्च, आजोबांचं थडगं. क्वार्टरच्या दारात कुणाचं तरी धुणं वाळत होतं. बाईंनी आत बोलावून चहा दिला, त्यांनी खिडकी मोजून दाखवली, इथे माझी खाट होती. थडगं सापडायला वेळ लागला.

चहा घेता घेता त्यांनी पर्थचं सांगितलं. मुलाच्या दारात तीन गाड्या. त्यातली एक कंपास. दार उघडलं की आत कुठेतरी लिहिलेलं आहे, मेड इन इंडिया. ही कंपास रांजणगावातून ऑस्ट्रेलियाला जाते हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं, त्यामुळे दोघांनी एकदमच मान डोलावली. पण त्यांचं रडगाणं दुसरं. डोळ्यांमुळे त्यांचं लायसन्स गेलं, आणि तिथे लायसन्स गेलेला माणूस घरात कैद. दुकान चार किलोमीटरवर, बस तासाने. मुलगा नेतो, पण त्याच्या सवडीने. दौंडला, ते म्हणाले, माझ्या बापाने आयुष्यात गाडी घेतली नाही आणि तो दर आठवड्याला कुठे ना कुठे जायचा. मी तिथे चाळीस वर्षं गाडी चालवली, त्यात मजा किती आली ते विचारू नका. आपली गाडी हे तिथलं कर्तव्य असतं, वीजबिलासारखं. त्यांच्या पत्नीला हे मान्य नव्हतं. त्या म्हणाल्या, पासावर ट्रंका उचलायचं काम बायकांचं होतं. मला गाडी चालवायला शिकल्यावर पहिल्यांदा वाटलं की मी कुठे जाणार हे मी ठरवते. दोघांत थोडी जुंपली. मी चहाचा कप घेऊन बाजूला झालो.

संध्याकाळी पुण्याला निघायची वेळ झाली तर गृहस्थ स्टेशनात शिरले. 2017 पासून दौंड-पुणे डेमू सुरू झाल्याचं त्यांनी पर्थमध्ये बसून वाचलं होतं. तिकीट काढलं, दोघांचं. मी म्हटलं, साहेब, उभं राहावं लागेल, गाडी आहे ना बाहेर. ते म्हणाले, तू गाडी घेऊन पुण्याला ये, आम्हाला स्टेशनवर घे. बाईंनी मात्र तिकीट त्यांच्या हातात दिलं आणि माझ्या गाडीत पुढच्या सीटवर येऊन बसल्या, चालवायला देशील का म्हणून विचारलं. पिवळी पाटी, बॅच नाही, देता येत नव्हतं. पाटसला त्यांना कलिंगड खायचं होतं, तिथे अर्धा तास गेला. तरी आम्ही त्यांच्या आधी पोचलो. गृहस्थ घामाने भिजून, शर्टाला तेलाचा डाग घेऊन उतरले आणि फार खूश होते. ट्रिपशीटवर सही घेताना मी दोघांचं पूर्ण भाडं लावलं, थांबण्याचे तास धरून. त्यांनी आकडा बघितला, बायकोकडे बघितलं आणि सही केली.